शेवटच्या टप्प्याचा पैसा

भारतात अर्धवट राहिलेल्या माहितीपटांची यादी कुणी केलेली नाही. केलीच, तर ती पूर्ण झालेल्या माहितीपटांच्या यादीहून लांब भरेल, याबद्दल या क्षेत्रातल्या कुणाच्या मनात फारशी शंका नसते. धरणग्रस्तांच्या वसाहतीत, संपाच्या मांडवात, एखाद्या थकलेल्या शाहिराच्या घरी महिनोन्‌महिने केलेले चित्रीकरण हार्ड डिस्कवर पडून राहते. दिग्दर्शक मधल्या काळात जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, संस्थांच्या कामाच्या फिल्म करून पोट भरत असतो. एक दिवस डिस्क उघडत नाही, किंवा ज्याच्यावर चित्रपट बेतला होता तो माणूसच जातो. अशा बहुतेक चित्रपटांत खोट नसते. संकलकाचे मानधन, ध्वनिमिश्रणाच्या स्टुडिओचे भाडे आणि चार मिनिटांच्या जुन्या वृत्तचित्राचे हक्क यांसाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते थांबलेले असतात.

हे पुस्तक त्या थांबण्याविषयी आहे. वाहिनीने, सरकारी खात्याने किंवा कंपनीने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला सांगावेसे वाटले म्हणून केलेला माहितीपट लोकवर्गणीतून पूर्ण कसा करता येतो, याचा विचार इथे दिग्दर्शक, संकलक, ध्वनीचे काम करणारे, वितरक आणि वर्गणीच्या मोहिमा चालवलेले कार्यकर्ते यांनी आपापल्या अनुभवातून केला आहे. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन पैसे मागण्याच्या कौशल्याभोवती फिरते: आवाहनाचा व्हिडिओ किती मिनिटांचा हवा, पहिल्या आठवड्यात किती रक्कम जमली पाहिजे, देणाऱ्याला बदल्यात काय द्यावे. हे सगळे उपयोगी आहे. पण लेख गोळा करताना माझे एक मत पक्के होत गेले. पैसे कसे मागावेत यापेक्षा ते केव्हा मागावेत, हा प्रश्न मोठा आहे. चित्रीकरण बहुतांशी उरकल्यावर, कच्चा कट, म्हणजे संकलनाचा पहिला ढोबळ आराखडा, हातात आल्यावर लोकांकडे जावे, असे मला वाटते. या पुस्तकातल्या सगळ्यांना ते मान्य नाही, आणि त्यांचे मतभेद मी जसेच्या तसे राहू दिले आहेत.

चित्रपट पूर्ण करणे म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. कॅमेरा बंद झाला की चित्रपट झाला, अशीच समजूत असते, घरच्यांची आणि वर्गणीदारांचीही. कथापटाची पटकथा चित्रीकरणाआधी लिहून झालेली असते. माहितीपटाची पटकथा बहुतेक वेळा संकलनाच्या टेबलावरच लिहिली जाते. शंभर-दोनशे तासांच्या रशेसमधून, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणातून, ऐंशी मिनिटे काढायची, तर आधी प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून काढावी लागते. माणसे गोंडी किंवा अहिराणी बोलत असतील आणि संकलकाला ती भाषा येत नसेल, तर त्याआधी भाषांतर आले. मग दृश्ये लावून पाहायची, मोडायची, पुन्हा लावायची. ज्या बाईच्या मुलाखतीसाठी आठ दिवस गावात मुक्काम केला, तिचे चित्रपटात एकच वाक्य उरते, आणि तेही संकलकाला ठेवायचे नसते. रफ कट म्हणजेच कच्चा कट, मग फाइन कट आणि शेवटी पिक्चर लॉक, म्हणजे यापुढे एकही फ्रेम हलवायची नाही असा निर्णय. इथवर यायला वर्ष सहज जाते.

आणि खर्चाची खरी रांग लॉकनंतर लागते. संवादांमागची पंख्याची घरघर आणि रहदारी काढायची, तुटलेले आवाज भरायचे, चित्रपटगृहाच्या हिशेबाने सगळे मिक्स करायचे. पाच वर्षांत तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे ग्रेडिंगमध्ये एकमेकांशेजारी नांदतील अशी करायची. सबटायटल लिहायची, आणि ती चांगली लिहायची, कारण परभाषेतला प्रेक्षक चित्रपट त्या दोन ओळींतूनच ऐकणार असतो. मग चित्रपटगृहात दाखवण्याची डीसीपी प्रत, महोत्सवांची प्रवेशशुल्के, पोस्टर, वकील. प्रत्येक पायरीला वेगळा कारागीर आणि वेगळे बिल. यातले एकही काम दिग्दर्शकाने रात्री जागून एकट्याने चांगले करण्यासारखे नसते. चित्रीकरण मात्र करता येते, म्हणूनच सुरू झालेले चित्रपट इतके आणि पूर्ण झालेले इतके कमी.

हक्कांचा खर्च तर अंदाजपत्रकात बहुधा धरलेलाच नसतो. जुनी वृत्तचित्रे अनेकदा मिनिटावर किंवा सेकंदावर दर लावून मिळतात, आणि तो दर कुठे, किती वर्षे, कोणत्या माध्यमात दाखवणार यावर ठरतो. रिक्षात वाजणारे हिंदी गाणे चित्रीकरणात आपोआप येते, मिश्रणात ते काढावे लागते किंवा त्याचे पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावरची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मालिका १९८७ मध्ये दाखवली गेली आणि शाळाशाळांत पोहोचली. तिच्यातल्या जुन्या दृश्यांचे आणि गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे होते. मुदत संपली आणि ही मालिका वर्षानुवर्षे प्रसारणाबाहेर राहिली. हक्क पुन्हा विकत घेण्यासाठी मोठ्या देणग्या मिळाल्या, तेव्हा कुठे २००६ मध्ये ती पुन्हा दूरचित्रवाणीवर आली. त्या लढ्याचा इतका भरघोस दृश्यदस्तऐवज कायद्याने बंद कपाटात राहतो, हे वाचून मी अस्वस्थ झालो होतो. आजही कुणी ‘हक्कांचे नंतर बघू’ म्हणाले की मला ही मालिका आठवते.

माहितीपटाला पैसे कोण देतो, या प्रश्नाचा इतिहास हाच बऱ्याच अंशी माहितीपटाचा इतिहास आहे. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, ती परदेशाहून स्वतः मागवलेल्या कॅमेऱ्यावर. १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ला रॉबर्ट फ्लॅहर्टीला पैसे मिळाले ते रेव्हियों फ्रेर या फरच्या व्यापारी कंपनीकडून. जॉन ग्रिअर्सनने ब्रिटनमध्ये माहितीपटाची जी शाळा उभी केली, तिला आधी एम्पायर मार्केटिंग बोर्डाचा आणि नंतर टपाल खात्याचा आधार होता. टपालाच्या रात्रगाडीवरचा १९३६ चा ‘नाइट मेल’ आजही पाहावा इतका सुंदर आहे, पण टपाल खात्यात संप झाला असता तर त्याच तुकडीला तो चित्रित करता आला असता का, हा प्रश्न उरतोच. स्वतंत्र भारताने तोच साचा घेतला. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आली आणि चित्रपटगृहांना तिचे पट दाखवणे बंधनकारक झाले. त्या चौकटीत राहूनही सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती यांनी धाडसी काम केले. पण चौकट ती चौकटच, आणि आणीबाणीत ती किती अरुंद होऊ शकते हे सर्वांना दिसले.

या मुख्य प्रवाहाशेजारून दुसरा एक प्रवाह कायम वाहत आला आहे. त्याचा इतिहास सलग लिहिला गेलेला नाही आणि या पुस्तकाचे मूळ त्यात आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. फ्रान्समध्ये झाँ रन्वारच्या ‘ला मार्सेयेज’साठी (१९३८) कामगार संघटनांच्या मदतीने जनतेकडून वर्गणी गोळा केली गेली होती. जपानमध्ये ओगावा शिन्सुके आणि त्याच्या गटाने नारिता विमानतळासाठी जमिनी घेण्याला विरोध करणाऱ्या सानरिझुकाच्या शेतकऱ्यांमध्ये राहून १९६८ पासून चित्रपटांची मालिकाच केली. ते चित्रपट चित्रपटगृहांच्या साखळीवर विसंबले नाहीत. गावोगाव, विद्यापीठांत, संघटनांच्या सभागृहांत लोकांनीच भरवलेल्या खेळांवर ते चालले.

भारतात या प्रवाहाचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाखांत १९७६ मध्ये चित्रपट झाला. तो माहितीपट नव्हता, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरचा कथापट होता. तरी लोकवर्गणीचा विषय निघाला की ‘मंथन’चे नाव येतेच, आणि ते यावे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे दोन-दोन रुपये गोळा करायला गावागावांत पोहोचलेला दूध संघ आधीच उभा होता आणि चित्रपट त्या संघाच्याच कामावर होता. आज एकट्यादुकट्या दिग्दर्शिकेच्या मागे असा संघ नसतो. तिची गोष्ट संघाला आवडेल, याचीही हमी नसते.

मला जास्त जवळचे वाटते ते केरळचे उदाहरण. मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्याच्या साथीदारांनी १९८४ मध्ये ‘ओडेसा’ हा गट सुरू केला. गावागावांत जाऊन त्यांनी चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवला, लोकांसमोर झोळी धरली, आणि त्या पैशांतून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. मग तो चित्रपट घेऊन ते पुन्हा गावोगाव गेले. पुढच्याच वर्षी जॉन गेला. हाही कथापटच, पण त्यात खऱ्या आंदोलनांची, खऱ्या जागांची इतकी सरमिसळ आहे की माहितीपट करणाऱ्यांनी तो आपला मानला. वर्गणी गोळा करण्याच्या आधी दुसऱ्या कुणाचा चांगला चित्रपट लोकांना दाखवायचा, ही ओडेसाची कल्पना मला आजच्या कुठल्याही मोहीम-तंत्रापेक्षा शहाणी वाटते. देणाऱ्याला आधी चित्रपट पाहण्याचा आनंद मिळाला, मागणे त्यानंतर आले.

मराठी भाषेचा या प्रवाहाशी संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटाने पुण्याच्या घरकामगार बायकांच्या संघटनेवर १९८१ मध्ये ‘मोलकरीण’ केला, आणि पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. गट बंगळूरचा, पण दोन्ही चित्रपटांतले बोलणे मराठी. ज्या बायकांवर हे चित्रपट होते त्यांच्याशी बसून, बोलून ते घडले, आणि संघटनेच्या बैठकांत दाखवले गेले. चार दशकांनी त्यांच्या जीर्णोद्धारित प्रती जगभर दाखवल्या जात आहेत. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तर मुंबईच्या रमाबाई नगरातला. तिथे ११ जुलै १९९७ च्या पोलीस गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला हा चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला. १४ वर्षे! या वर्षांत खटला चालला, नवे शाहीर पुढे आले, राजकारण उलटेपालटे झाले, आणि ते सगळे चित्रपटात आले. कोणत्या अनुदान समितीने इतके थांबून घेतले असते?

पटवर्धन यांच्या पिढीला लढावे लागले ते प्रामुख्याने चित्रपट दाखवण्यासाठी. दूरदर्शनविरुद्ध न्यायालयात जाणे, परिनिरीक्षण मंडळाने सुचवलेल्या कापाकापीला आव्हान देणे, यांत त्यांची वर्षे गेली. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली जाऊ लागली, तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव भरवला. त्याच वर्षी राकेश शर्मा यांनी आपल्या ‘फायनल सोल्यूशन’ या माहितीपटाच्या प्रती, पुढे आणखी प्रती काढून वाटण्याच्या बोलीवर, लोकांना फुकट दिल्या. २००६ पासून गोरखपूरला प्रायोजकाशिवाय, प्रेक्षकांच्या मदतीवर ‘प्रतिरोध का सिनेमा’ महोत्सव होऊ लागला. यातले काहीच आजच्या अर्थाने क्राउडफंडिंग नव्हते. पण चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामधला मध्यस्थ काढून टाकण्याची सवय इथेच लागली.

इंटरनेट आले आणि झोळी फिरवण्याला सीमा उरली नाही. रॉबर्ट ग्रीनवाल्डने २००६ च्या ‘इराक फॉर सेल’ या माहितीपटासाठी ईमेलवरून आवाहन करून हजारो लोकांकडून पैसे जमवले. २००८ मध्ये इंडीगोगो आणि २००९ मध्ये किकस्टार्टर ही वर्गणी जमवण्याची संकेतस्थळे सुरू झाली. किकस्टार्टरचा नियम कडक: ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे हाती येणार, नाहीतर एकाही देणाऱ्याकडून काही घेतले जाणार नाही. ब्रिटनमध्ये फ्रॅनी आर्मस्ट्राँगने वेगळी वाट काढली. हवामानबदलावरच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’साठी (२००९) तिने २२३ व्यक्तींना आणि गटांना चित्रपटातले हिस्से विकून साडेचार लाख पौंड उभे केले. तेव्हापासून या क्षेत्रात दोन घराणी आहेत म्हणा. एकात देणारा आपल्या समाधानासाठी देतो, फार तर बदल्यात प्रत किंवा श्रेयनामावलीत नाव घेतो. दुसऱ्यात तो भागीदार होतो आणि नफ्याची आशा ठेवतो. ओडेसाच्या वळणाचे गट, जे एका चित्रपटासाठी न मागता सभासद जमवतात, ते तिसरे घराणे, पण त्यांची संख्या थोडी.

पैसे शेवटच्या टप्प्यावर मागावेत, या माझ्या मुद्द्याला सर्वांत मोठे बळ देणारे दोन चित्रपट याच काळातले. सॅन डिएगोतल्या एका बेघर, चित्रे काढणाऱ्या मुलीवरच्या ‘इनोसेंटे’ या लघुमाहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले. किकस्टार्टरवर पैसे जमवलेल्या चित्रपटाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. त्यासाठी सुमारे तीनशे लोकांनी मिळून ५२ हजार डॉलरच्या आसपास रक्कम दिली, आणि ती दिली तेव्हा चित्रीकरण झालेले होते. जेहान नुजैमचा ‘द स्क्वेअर’ कैरोच्या तहरीर चौकातल्या क्रांतीवर. २०१३ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवून झाल्यावरही इजिप्तमधल्या घडामोडी थांबल्या नाहीत. दिग्दर्शिका परत गेली, नवे चित्रीकरण केले, शेवट बदलला. किकस्टार्टरवर तिला लाखाहून अधिक डॉलर मिळाले. एक चित्रपट आटोपशीर आणि एक हाताबाहेर जाणारा, पण दोन्हींत लोकांच्या पैशाने शेवटची वाट चालून झाली.

भारतातले ठळक उदाहरण ‘अ‍ॅन इनसिग्निफिकंट मॅन’चे. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांनी आम आदमी पक्षाच्या जन्मापासून कॅमेरा लावला होता. २०१३ मध्ये त्यांनी २० हजार डॉलर मागितले आणि त्यांना जवळजवळ १ लाख २० हजार मिळाले. त्या वेळी तो विषय प्रत्येकाच्या तोंडी होता, हे यशाचे एक कारण उघड आहे. पण पुढचे वाचा. चित्रपट टोरांटो महोत्सवात पोहोचला २०१६ मध्ये. परिनिरीक्षण मंडळाने ज्यांची दृश्ये आहेत त्या नेत्यांची ना-हरकत पत्रे मागितली, त्यात पंतप्रधानही आले. अपील लवादाने चित्रपट मोकळा केला, सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवायला नकार दिला, आणि १७ नोव्हेंबर २०१७ ला तो चित्रपटगृहांत लागला. पैसे देणाऱ्याने दिल्यापासून चार वर्षे गेली होती. मधल्या काळात पक्ष बदलला, देश बदलला, देणाऱ्यांपैकी कित्येकांची मते बदलली असतील. तरी चित्रपट पाहताना तो कुणाची आरती ओवाळतो आहे असे कुठेही वाटत नाही. समर्थकांच्या गर्दीतून पैसे आलेले असताना एवढे अंतर राखणे सोपे नसते, आणि वर्गणीवर चित्रपट करू पाहणाऱ्याने शिकावे ते आधी हेच.

त्या प्रवासातला अपील लवाद २०२१ मध्ये बंद झाला. आता मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणजे वकिलाचा खर्चही ‘पूर्ण करण्याच्या’ खर्चात धरायला हवा. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या छोट्या माहितीपटासाठी सर्वोच्च न्यायालय गाठले, तो १९७० चा निकाल चित्रपटांच्या पूर्वपरिनिरीक्षणाबाबत आजही आधारभूत मानला जातो. म्हणजे हा खर्च काही नवा नाही. तो अंदाजपत्रकात लिहिण्याचे धैर्य तेवढे नवे आहे.

हे पुस्तक आत्ता का, तर जुने आधार एकामागून एक सुटले म्हणून. २००० साली सुरू झालेल्या ‘पीएसबीटी’ने (पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट) दूरदर्शनच्या साथीने शेकडो स्वतंत्र माहितीपट घडवले. ते दार आज पूर्वीसारखे उघडे नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. युरोप-अमेरिकेतले निधी आहेत, आणि त्यांच्या आधाराने आपल्या माहितीपटाने गेल्या काही वर्षांत जे मिळवले ते डोळे दिपवणारे आहे: पायल कपाडियाच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला २०२१ मध्ये आणि शौनक सेनच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला २०२२ मध्ये, लागोपाठ दोन वर्षे, कान महोत्सवात माहितीपटाचा मुख्य पुरस्कार मिळाला. मुंबईच्या कोळी बांधवांवरचा सर्वनिक कौरचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३ मध्ये सनडान्सला गौरवला गेला. पण त्या निधींपर्यंत पोहोचायला इंग्रजीत अर्ज लिहिता यावा लागतो, अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवातल्या दालनात निधी देणाऱ्यांसमोर सात मिनिटांत आपला चित्रपट मांडता यावा लागतो. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या तरुण दिग्दर्शकाला त्या दालनाचा पत्ताही नसतो. त्याच्या हातात मोबाइल मात्र असतो, आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून त्याच्या गावातला माणूस त्याला शंभर रुपये देऊ शकतो. शंभर रुपयांची वर्गणी गोळा करण्याचा खर्च पूर्वी शंभराहून जास्त होता. तंत्रज्ञानातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल हा आहे.

कायद्याची बाजू कोरडी आहे, पण टाळता येत नाही. किकस्टार्टरवर भारतात राहणाऱ्याला प्रकल्प मांडता येत नाही. समभाग देऊन इंटरनेटवरून जनतेचे पैसे घेण्याबाबत सेबीने २०१४ मध्ये चर्चापत्र काढले होते, परवानगी मात्र आजही नाही. म्हणून फ्रॅनी आर्मस्ट्राँगची वाट आपल्याकडे जवळजवळ बंद आहे आणि देणगी किंवा भेटवस्तूच्या बदल्यात वर्गणी, एवढीच उरते. देणाऱ्याला करसवलत हवी असेल तर पैसे नोंदणीकृत संस्थेमार्फत यावे लागतात. दिग्दर्शकाच्या खात्यात थेट आलेली रक्कम प्राप्तिकरात कशी दाखवायची, हे पहिल्या दिवशीच सनदी लेखापालाला विचारावे. परदेशी पैशाला विदेशी अंशदानाचा कायदा लागू होतो. अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय पारपत्र असलेल्या मराठी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे आणि अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या शेजाऱ्याने पाठवलेले पैसे, यांत हा कायदा फरक करतो. बे एरियातल्या किंवा न्यू जर्सीतल्या मित्रांच्या भरवशावर मोहीम आखणाऱ्यांनी या पुस्तकातला त्यावरचा लेख आधी वाचावा.

आता माझ्या मताकडे येतो. कच्चा कट होईपर्यंत थांबा, असे मी म्हणतो त्यामागे अनुभवातून आलेली कारणे आहेत. माहितीपट सुरू करताना तो कुठे जाईल आणि किती खाईल, हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मागितलेली रक्कम हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला की वर्गणीदाराला वाटते आपल्याला फसवले. कच्चा कट झाला की संकलनाचे किती आठवडे उरले, किती मिनिटांचे हक्क घ्यायचे, मिश्रणाला किती दिवस लागतील, हे कागदावर मांडता येते. शिवाय तेव्हा दाखवायला खरी दृश्ये असतात. आधी मागणाऱ्याकडे आपला उत्साह आणि दोन मिनिटांची झलक एवढेच असते, आणि मग तो स्वतःचाच चेहरा पुढे करतो. त्यातून ज्यांचा चेहरा आधीच ओळखीचा, त्यांनाच पैसे मिळतात.

सगळ्यात गंभीर कारण चित्रपटातल्या माणसांचे आहे. आवाहनाचा व्हिडिओ चित्रपटाच्या कितीतरी आधी जगभर फिरतो. जमीनदाराविरुद्ध बोललेली मजूर बाई, घर सोडून आलेले जोडपे, तुरुंगातून सुटलेला कार्यकर्ता यांनी चित्रपटासाठी होकार दिलेला असतो. पैसे मागण्यासाठी आपला चेहरा वापरला जाईल, याला दिलेला नसतो. चित्रीकरण चालू असताना असा व्हिडिओ बाहेर गेला तर गावात राहायचे त्यांना आहे, आपल्याला नाही. कट हातात असताना निदान त्यांना बसवून दाखवता येते, पुन्हा विचारता येते, आणि ते नाही म्हणाले तर दुसरे दृश्य निवडता येते.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला मनापासून पटते आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कच्च्या कटापर्यंत पोहोचायलाही पैसे लागतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॅमेरा हातात घेतला, ज्याला दोन वर्षे बिनपगारी राहणे परवडत नाही, त्याने थांबायचे कशाच्या जोरावर? दलित, आदिवासी, भटक्या समाजांतून येणाऱ्या दिग्दर्शकांना ‘आधी चित्रीकरण संपवा’ हा सल्ला म्हणजे दार लावून घेणेच आहे, असे एका लेखात स्पष्ट म्हटले आहे. लोकवर्गणी सार्वजनिक निधीची जागा घेऊ शकत नाही, हे म्हणूनच ठणकावून सांगितले पाहिजे. सरकारने आणि विद्यापीठांनी पहिल्या चित्रीकरणासाठी पैसे द्यावेत, ही मागणी सोडून आपण फक्त झोळ्या शिवत बसलो तर या कलेत सुखवस्तू घरांतलीच मुले उरतील.

वर्गणीदाराशी नाते कसे असावे, यावर या पुस्तकात बरीच चर्चा आहे. महाराष्ट्राला वर्गणी नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, माणशी पैसा जमवून, तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. त्या परंपरेत दोन गोष्टी गृहीत होत्या: पावती आणि हिशेब. आजच्या कित्येक मोहिमांत टी-शर्ट आणि आभाराचे व्हिडिओ असतात, हिशेब नसतो. पैसे मिळाले की महिनोन्‌महिने शांतता, आणि मग एक दिवस चित्रपट एखाद्या दूरच्या महोत्सवात गेल्याची बातमी. देणाऱ्याला नफा नको असतो. आपले पाचशे रुपये कुठल्या कामाला लागले, एवढे कळले तरी तो पुढच्या चित्रपटाला पुन्हा देतो. ‘तुमच्या पैशातून सोलापूरच्या मुलाखती उतरवून झाल्या’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पुरते. त्याच वेळी हिशेब देणे वेगळे आणि कट दाखवून मंजुरी घेणे वेगळे. मोठी रक्कम देणाऱ्याने एखादे दृश्य काढायला सांगितले तर काय करायचे, हे मोहिमेआधी लिहून ठेवावे. एका देणाऱ्याचा वाटा एकूण रकमेच्या ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणे, हा एक चांगला उपाय इथल्या दोन लेखांत सुचवला आहे.

आणखी एक काळजी वाटते, तिच्यावर स्वतंत्र लेख मिळाला नाही म्हणून इथेच लिहितो. लोकवर्गणीच्या अंदाजपत्रकात दिग्दर्शकाचे मानधन शून्य लिहिण्याची पद्धत पडली आहे, आणि तिच्या ओघात संकलकाचे, ध्वनिमुद्रकाचे, भाषांतर करणाऱ्याचेही अर्धे होते. लोकांचे पैसे आहेत, जपून वापरायला हवेत, हे खरे. पण वर्षभर रोज दहा तास बसलेल्या संकलकाला त्याचा दर देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. ज्या चित्रपटात मजुरीचा प्रश्न मांडला आहे, त्याच्याच श्रेयनामावलीत बिनपगारी नावे असू नयेत.

पुस्तकातले लेख कुठूनही वाचता येतील. ज्यांना या क्षेत्राची ओळख नाही त्यांनी संकलनावरचे लेख आधी वाचावेत आणि मोहिमांवरचे नंतर. पैसे कशाला लागतात हे कळल्याशिवाय ते कसे मागायचे हे कळत नाही. शेवटी काही पूर्ण झालेल्या चित्रपटांची अंदाजपत्रके नावे गाळून दिली आहेत. स्टुडिओंचे आणि कारागिरांचे दर शहरागणिक वेगळे असतात आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्यातल्या रकमा कुणी उचलून वापरू नयेत. चित्रीकरण संपल्यानंतरच्या खर्चाचे एकूण खर्चाशी प्रमाण काय पडले, ते प्रत्येक तक्त्याच्या तळाशी दिले आहे. आपले स्वतःचे अंदाजपत्रक मांडायला बसण्याआधी तेवढे जरूर पाहावे.